डोळ्यातील रक्तस्राव आणि त्याचे निदान-कोड : फेरतपासणीच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिना) विभागाच्या डॉक्टर मॅडमनी गेल्या महिन्यात आमच्या अभिलेख विभागाकडे एक यादी मागितली होती. मधुमेहामुळे डोळ्यातील जेलीत रक्तस्राव होऊन एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात दाखल झालेले रुग्ण कोण, आणि त्यांपैकी कोण पुढच्या लेसरसाठी फिरकलेच नाहीत, हे त्यांना पाहायचे होते. आम्ही संगणकात मधुमेही नेत्रविकाराचा कोड, म्हणजे त्या निदानाला रोगवर्गीकरणात दिलेला क्रमांक, आणि जेलीतील रक्तस्रावाचा कोड यांची जोडी शोधली, तर वर्षभराची मिळून चार नावे निघाली. मॅडमनी यादीवर नजर टाकली आणि एवढेच म्हणाल्या, "ताई, शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत एका महिन्यात याहून जास्त नावे असतात. बाकीची माणसे गेली कुठे?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे काम हाती घेतले आहे. ज्या केसपेपरवर किंवा डिस्चार्ज कार्डावर डोळ्यातील कोणत्याही रक्तस्रावाचा उल्लेख आहे, मग तो पूर्ण शब्दांत असो वा संक्षेपात, अशी त्या वर्षातील प्रत्येक फाइल काढून तिचे कोडिंग नव्याने करायचे आहे. कामाला आम्ही तिघे आहोत : मी, माझी जुनी सहकारी, आणि पुण्यातल्या एका कंपनीत अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींचे कोडिंग करून नुकताच आमच्याकडे रुजू झालेला एक तरुण.

पद्धत अशी ठरली की, फाइलीच्या मुखपृष्ठावरचा जुना कोड कागदाच्या पट्टीने झाकायचा, फाइल पहिल्या पानापासून वाचायची, नवा कोड वेगळ्या तक्त्यात लिहायचा आणि त्यानंतरच पट्टी काढायची. जुना कोड आधी डोळ्यांसमोर आला की मन त्याच्याच बाजूने पुरावे गोळा करू लागते, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. दुरुस्ती करताना जुन्या कोडवर एकच रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे, आणि शेजारी नवा कोड, तारीख व सही असावी. विमा कंपनीकडे गेलेल्या दाव्यांच्या प्रतींना हात लावायचा नाही. त्यात काही खटकले तर ते प्रशासनाला लेखी कळवायचे.

५ जून २०२४, बुधवार

आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीचे, म्हणजे आम्ही रोज 'आयसीडी-१०' म्हणतो त्याचे, तीन खंड असतात : पहिल्यात कोडची क्रमवार यादी, दुसऱ्यात नियम आणि तिसऱ्यात वर्णानुक्रमे सूची. आधी तिसरा खंड उघडायचा, तिथे सापडलेला कोड पहिल्या खंडात पडताळायचा आणि त्याखालच्या 'यात समाविष्ट' व 'यातून वगळलेले' या ओळी वाचल्याशिवाय लेखणी उचलायची नाही, हे शिकताना घोटून घेतलेले असते. गर्दीच्या दिवशी नेमकी दुसरी पायरी गळते, हे पहिल्या दोन दिवसांतल्या फाइलींवरूनच लक्षात आले.

डोळ्यातील रक्तस्राव हे एक निदान नव्हे. रक्त कोणत्या जागी आहे त्यावर कोड ठरतो, म्हणून टेबलावर सर्वांना दिसेल असा एक नकाशा आज काढून ठेवला. बाहेरून आत जाताना पहिली जागा म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण. तिथली बारीक शीर फुटली की पांढऱ्यावर लालभडक डाग पडतो, रुग्ण आरशात पाहून घाबरतो, पण नजर शाबूत असते आणि डाग बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप विरतो. याचा कोड एच११.३. त्याच्या आत, कॉर्निया आणि आयरिस यांच्यामधल्या पुढच्या कप्प्यात रक्त साचले तर तो हायफीमा, कोड एच२१.०, रुग्ण बसलेला असताना हे रक्त तळाशी उतरते आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, त्याची आडवी पातळी दिसते. भिंगाच्या मागे डोळ्याचा मोठा भाग व्यापणारी जी पारदर्शक जेली असते, तिच्यात रक्त पसरले तर एच४३.१. पडद्यावर किंवा पडद्याच्या थरांत ते थांबले असेल तर एच३५.६. पडद्याखालच्या रक्तवाहिन्यांच्या थरात, म्हणजे कोरॉइडमध्ये, ते झाले असेल तर एच३१.३.

रुग्णाच्या तोंडी या पाचही जागांना एकच वाक्य असते, "डोळ्यात रक्त साकळलंय." ते त्याच्या परीने बरोबरच आहे, कारण जागा ओळखणे हे त्याचे काम नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा तेच वाक्य इंग्रजीत होऊन डिस्चार्ज कार्डावर निदान म्हणून उतरते आणि पुढे त्यावर एच५७.९, म्हणजे 'डोळ्याचा अनिर्दिष्ट विकार', असा शिक्का बसतो. अशा कितीतरी फाइली आज हातून गेल्या, आणि प्रत्येकीत आतल्या पानावर रक्ताची जागा स्पष्ट शब्दांत लिहिलेली होती. ते पान कोणी उलटलेच नव्हते.

८ जून २०२४, शनिवार

आजच्या दोन फाइली मी शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहत राहिले.

पहिली फाइल मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजोबांची. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत डॉक्टरांनी 'एससीएच' एवढी तीन अक्षरे लिहून पुढे अधिकचे चिन्ह केले होते. जुना कोड एच३१.३, म्हणजे कोरॉइडमधील रक्तस्राव. परंतु त्याच पानावर नजर ६/९, म्हणजे जवळजवळ सामान्य, आहे, पडदा सामान्य असल्याचे लिहिले आहे, आणि डोळ्याच्या छापील चित्रात बुबुळाच्या बाहेर, पांढऱ्या भागावर, लाल पेनाने गिरवलेले आहे. दुसरी फाइल काचबिंदूच्या शस्त्रक्रियेची. तिथेही शस्त्रक्रियेच्या टिपणात तीच तीन अक्षरे आहेत, मात्र पुढच्या ओळीत जखम तातडीने बंद केल्याचे लिहिले आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या बी-स्कॅन सोनोग्राफीच्या छायाचित्रात डोळ्याच्या आत दोन्ही बाजूंनी घुमटासारखे उंचवटे एकमेकांकडे झुकलेले दिसतात. या फाइलीवर जुना कोड एच११.३ होता.

त्या तीन अक्षरांचे दोन अर्थ आहेत. एक पांढऱ्या भागावरच्या आवरणाखालचा रक्तस्राव, ज्याला औषधही क्वचितच लागते. दुसरा कोरॉइडबाहेरच्या पोकळीतला रक्तस्राव, जो चालू शस्त्रक्रियेत डोळा घालवू शकतो. आमच्या नोंदींत आजोबांची किरकोळ लाली ही शस्त्रक्रियेतली आपत्ती म्हणून गेली होती, आणि खरी आपत्ती किरकोळ लाली म्हणून. शस्त्रक्रियेतील गुंतागुंतींचा वार्षिक आढावा याच कोडवरून काढला जातो.

चित्र आणि छायाचित्र पाहून अर्थ मला कळला, तरीही मी स्वतःच्या अधिकारात कोड बदलला नाही. कोडरने निदान करायचे नसते, त्याने लिहिलेल्या निदानाला कोड द्यायचा असतो. दोन्ही फाइलींवर चिठ्ठी लावून संबंधित डॉक्टरांकडे पाठवल्या, संध्याकाळपर्यंत त्यांनी पूर्ण शब्दांत खुलासा लिहून तारखेसह सही केली, आणि मगच रेघ मारली. दुसऱ्या फाइलीत ही घटना शस्त्रक्रियेची गुंतागुंत म्हणून वेगळ्या कोडने नोंदवायची का, हेही त्यांनाच विचारले आहे.

११ जून २०२४, मंगळवार

संक्षेपांची आणखी एक गोम. 'व्हीएच' म्हणजे जेलीतील रक्तस्राव असे आम्ही सगळे धरून चालतो, पण तीच दोन अक्षरे स्लिट लॅम्पच्या नोंदीत पुढच्या कप्प्याच्या कोनाची खोली मोजण्याच्या व्हॅन हेरिक पद्धतीसाठीही वापरतात. 'व्हीएच ग्रेड २' हे वाचून काचबिंदूच्या संशयावरून आलेल्या दोन रुग्णांना एच४३.१ दिले गेले होते, आणि त्यांच्या डोळ्यांत रक्ताचा थेंबही नव्हता. यावरून नियम केला : अक्षरे पानाच्या कोणत्या भागात आहेत ते आधी पाहायचे. पुढच्या कप्प्याच्या ओळीत 'व्हीएच' असेल तर तो कोन, पडद्याच्या ओळीत असेल तर रक्त, आणि ओळच कळत नसेल तर चिठ्ठी.

१३ जून २०२४, गुरुवार

मॅडमची हरवलेली माणसे आज सापडू लागली.

बहुसंख्य फाइलींचे चित्र एकसारखे आहे. डिस्चार्ज कार्डावर पहिल्या ओळीत 'जेलीतील रक्तस्राव', दुसऱ्या ओळीत 'प्रोलिफरेटिव्ह डायबेटिक रेटिनोपॅथी', तिसऱ्या ओळीत 'मधुमेह, प्रकार २'. कोड मात्र दोनच : एच४३.१ आणि ई११.९. यातला दुसरा कोड माझ्या मनाला सर्वांत जास्त लागला. ई११.९ याचा शब्दशः अर्थ 'प्रकार २ मधुमेह, गुंतागुंतीविना' असा आहे. ज्या माणसाच्या पडद्यावर मधुमेहाने नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवल्या, त्या फुटून डोळा रक्ताने भरला आणि त्याला हाताची बोटेही मोजता येईनात, त्याच्याबद्दल आमच्या नोंदवहीने वर्षभर सांगितले की याच्या मधुमेहाला कोणतीही गुंतागुंत नाही.

आयसीडी-१० मध्ये अशा दुहेरी स्थितीसाठी कट्यार आणि तारा ही जोडी आहे. मूळ आजाराच्या कोडला कट्यारीचे चिन्ह (†) लागते, आणि तो आजार शरीरात जिथे प्रकट झाला त्या जागेच्या कोडला ताऱ्याचे (*). कट्यारीचा कोड मुख्य असतो आणि ताऱ्याचा कोड कधीही एकटा वापरायचा नसतो. मधुमेहाच्या नेत्र-गुंतागुंतीसाठी चौथे स्थान .३ आहे, म्हणून प्रकार २ असल्यास ई११.३†, आणि त्याच्या जोडीला मधुमेही पडदाविकाराचा एच३६.०*. जेलीतील रक्तस्राव जेव्हा पुस्तकाच्या इतर एखाद्या प्रकरणात वर्गीकृत आजारामुळे होतो, तेव्हा त्यासाठी एच४५.०* हा खास कोड दिलेला आहे. एच४३.१ आणि एच४५.० या दोन्हींच्या नावात रक्तस्राव तोच आहे. फरक एवढाच की दुसरा कोड आपल्यामागे कोणता आजार आहे ते सांगितल्याशिवाय उभा राहू शकत नाही.

आमच्या विभागासाठी असे ठरवले की, डॉक्टरांनी रक्तस्राव मधुमेही पडदाविकारामुळे झाल्याचे लिहिले असेल तर ई११.३† सोबत एच३६.०* आणि एच४५.०* हे दोन्ही द्यायचे. एकट्या एच३६.० ने पडद्याचा विकार कळतो पण रक्तस्राव झाला हे कळत नाही, आणि मॅडमना नेमके तेच हवे आहे.

याच ठिकाणी मोहाची एक जागा आहे आणि ती लिहून ठेवली पाहिजे. रुग्णाला मधुमेह आहे आणि जेलीत रक्त आहे, एवढ्यावरून दोन्हींची सांगड कोडरने घालायची नाही. मधुमेह असलेल्या माणसाच्या पडद्याची शीर तुंबूनही जेलीत रक्त येऊ शकते, तेव्हा मूळ निदान एच३४.८ मध्ये जाते. वयानुसार जेली पडद्यापासून सुटताना पडदा फाटूनही रक्त येऊ शकते, तेव्हा ते एच३३ मध्ये जाते. आज अशा तीन फाइली निघाल्या ज्यांत मधुमेह आहे, रक्त आहे, आणि कारणाची ओळ कोरी आहे. तिन्हींवर चिठ्ठ्या लावल्या.

मधुमेहाच्या प्रकाराविषयीही एक खूणगाठ बांधली. इन्सुलिन चालू आहे म्हणून ई१० लिहिलेल्या कित्येक फाइली आहेत. ई१० हा प्रकार १ साठी आहे, आणि प्रकार २ च्या रुग्णालाही इन्सुलिन लागतेच. दहाव्या आवृत्तीच्या जुन्या छपाईत ई१० चे नाव 'इन्सुलिनावलंबी मधुमेह' असे असल्यामुळे हा समज रुजला असावा. प्रकार कुठेच लिहिलेला नसेल तर ई१४.३, आणि डॉक्टरांकडे विचारणा.

१८ जून २०२४, मंगळवार

नव्या सहकाऱ्याच्या तक्त्यात आज एच४३.११ आणि ई११.३५९१ असे कोड दिसले. आमच्या संगणकाने पहिल्याचा शेवटचा अंक मुकाट्याने कापून टाकला आणि दुसरा स्वीकारलाच नाही. त्याने चुकीचे काही वाचले नव्हते. तो दुसऱ्या देशाचे पुस्तक मनात ठेवून लिहीत होता.

अमेरिकेने आयसीडी-१० चे स्वतःसाठी विस्तारित रूप केले असून ते तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. त्याआधी तिथे जेलीतील रक्तस्रावाचा कोड ३७९.२३ होता. त्यांच्या विस्तारात डोळ्याची बाजू कोडमध्येच येते : एच४३.११ म्हणजे उजवा, एच४३.१२ डावा, एच४३.१३ दोन्ही, आणि बाजू लिहिलेलीच नसेल तर एच४३.१०. ई११.३५९१ मध्ये मधुमेहाचा प्रकार, नव्या रक्तवाहिन्या फुटणारा पडदाविकार, मध्यबिंदूला सूज नसणे आणि उजवा डोळा एवढे सगळे एकाच कोडमध्ये सामावलेले आहे. त्यांच्याकडे कट्यार-तारा ही पद्धतच नाही, आणि एच४५ हा गटही नाही. म्हणून तिकडे शिकलेल्या माणसाला एच४५.० सुचणार नाही, आणि आमच्याकडे शिकलेल्याला बाजूचा अंक सुचणार नाही.

त्याच्याकडून आम्ही एक गोष्ट घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ पुस्तकातील एच४३.१ हा कोड डोळा कोणता ते सांगत नाही, म्हणून आतापर्यंत आमच्या नोंदवहीत बाजू कुठेच येत नव्हती. एखाद्याचा उजवा डोळा गेल्या वर्षी आणि डावा यंदा भरला असेल, तर ते एकाच डोळ्याचे दोनदा दाखल होणे वाटे. कोडशेजारी बाजूसाठी वेगळा रकाना त्याने सुचवला आणि आजपासून तो सुरू केला. कोडमध्ये स्वतःच्या मनाने अंक वाढवायचा नाही, हे मात्र त्याला नीट समजावले. दोन पुस्तकांची सरमिसळ झालेला कोड कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

२१ जून २०२४, शुक्रवार

वटपौर्णिमा असल्यामुळे सहकारी अर्ध्या दिवसाच्या रजेवर होती; आज फक्त मार लागलेल्या डोळ्यांच्या फाइली घेतल्या. एच२१.० च्या खाली 'इजेमुळे झालेला हायफीमा वगळून' असे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्यासाठी इजांच्या प्रकरणातला एस०५.१ दिला आहे. तरीही विटी लागून पुढच्या कप्प्यात रक्त साचलेल्या शाळकरी मुलाला एच२१.० दिलेला होता. एस०५.१ सोबत इजा कशाने झाली याचा बाह्यकारणाचा कोडही द्यायचा असतो : खेळाच्या साहित्याचा मार असेल तर डब्ल्यू२१, दिवाळीतला फटाका असेल तर डब्ल्यू३९. हे दुसरे कोड आमच्या फाइलींत जवळजवळ नाहीतच. दिवाळीत किती डोळे फटाक्यांनी जखमी झाले हे दर वर्षी पत्रकार फोन करून विचारतात, आणि आम्ही अंदाजाने सांगतो.

जन्मताच डोळ्याच्या पांढऱ्यावर रक्ताचा डाग असलेल्या बाळाची एक फाइल निघाली. प्रसूतीच्या वेळच्या दाबाने झालेल्या या डागाला एच११.३ नसून पी१५.३ आहे.

२५ जून २०२४, मंगळवार

प्रश्नचिन्हाचा प्रश्न. पुष्कळ बाह्यरुग्ण केसपेपरवर निदानापुढे प्रश्नचिन्ह असते. रक्त इतके दाट की आतले काही दिसत नाही, म्हणून '? पडदा सुटला' असे लिहून रुग्णाला बी-स्कॅनसाठी पाठवलेले असते.

दुसऱ्या खंडातला नियम असा की, उपचाराचा तो टप्पा संपेपर्यंत निदान संशयितच राहिले आणि अधिक माहिती मिळाली नाही, तर ते निश्चित असल्याप्रमाणेच कोड करायचे. नव्या सहकाऱ्याला हे पटेना, कारण अमेरिकी नियमांत बाह्यरुग्णाच्या बाबतीत नेमके उलट आहे : संशयित निदान कोड करायचे नाही, तर रुग्णाचे लक्षण, जसे की अचानक नजर जाणे, तेवढेच नोंदवायचे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण आम्ही ज्या पुस्तकाने बांधलेले आहोत त्याचाच नियम पाळायचा.

मात्र 'अधिक माहिती मिळाली नाही' हे शब्द आम्ही फार सैलपणे घेत होतो. आज तपासलेल्या संशयित पडदा सुटण्याच्या फाइलींपैकी निम्म्याहून अधिक फाइलींत बी-स्कॅनचा अहवाल मागच्या खिशात घडी करून ठेवलेला होता, आणि त्यात पडदा जागेवर असल्याचे स्वच्छ लिहिले होते. माहिती मिळाली होती. ती टाचणीने लावली नव्हती, एवढेच. त्या सर्व फाइलींतून एच३३ काढून टाकला.

तक्रारीवरून कोड देण्याची सवयही दिसली. 'डोळ्यासमोर काळे ठिपके, जाळी' अशी तक्रार असली की एच४३.३, म्हणजे जेलीतील इतर अपारदर्शकता, लिहून मोकळे. तपासणीत ते ठिपके रक्ताचेच निघाले असतील तर तक्रारीचा कोड मागे पडला पाहिजे.

२८ जून २०२४, शुक्रवार

मधुमेह नाही, मार नाही, तरी जेलीत पुन्हा पुन्हा रक्त, आणि वय पंचविशीतले. अशा फाइलींत डॉक्टरांनी ईल्स आजार असे लिहिले आहे. बर्मिंगहॅमचे डॉक्टर हेन्री ईल्स यांनी १८८० च्या सुमारास तरुण पुरुषांमधील या वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाचे वर्णन केले. आज हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे जास्त दिसतो. पडद्याच्या शिरांना सूज येते, त्या बंद पडतात, नव्या ठिसूळ वाहिन्या उगवतात आणि फुटतात. सूचीनुसार हा एच३५.० मध्ये जातो. मूळ आजार आणि रक्तस्राव दोन्ही डोळ्याच्याच प्रकरणात असल्यामुळे इथे कट्यार-तारा नाही; एच३५.० आणि एच४३.१ असे दोन साधे कोड द्यायचे.

दुसरे टोक म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेली एक महिला, जिला मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नजर येईना म्हणून आमच्याकडे पाठवले होते. दोन्ही डोळ्यांच्या जेलीत रक्त होते. मेंदूतील रक्तस्रावासोबत डोळ्यात रक्त येण्याच्या या स्थितीला फ्रेंच नेत्रतज्ज्ञ आल्बेर तेरसाँ यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी जेलीतील रक्तस्रावाचे वर्णन १९०० मध्ये केले. जुना कोड एकटा एच४३.१ होता आणि त्यात मेंदूचा मागमूसही नव्हता. आता आय६०, म्हणजे मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव, आणि त्याच्या जोडीला एच४५.०.

एका फाइलीत रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्याची नोंद आहे. रक्तस्राव त्या गोळ्यांमुळे झाला असे कुठेही लिहिलेले नाही. माझ्या सहकारीला वाटले की हे उघडच आहे. मला तसे वाटले नाही, आणि अर्धा तास वाद झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून चिठ्ठी लिहिली.

३ जुलै २०२४, बुधवार

चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आज डॉक्टरांच्या बैठकीत गेलो. वरिष्ठ सरांनी सुरुवातीलाच विचारले की, ओपीडीत शंभरावर रुग्ण असताना प्रत्येक चिठ्ठीला उत्तर कधी लिहायचे. त्यांची अडचण खरी होती. मी त्यांच्यासमोर ८ जूनच्या दोन फाइली ठेवल्या. सरांनी बी-स्कॅनचे छायाचित्र खिडकीकडे धरून पाहिले, मग मुखपृष्ठावरचा खोडलेला कोड पाहिला, आणि कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. त्यानंतर चर्चा वेगळ्या दिशेने गेली.

ठरले ते असे. डिस्चार्ज कार्डावर मारायचा एक रबरी शिक्का तयार करायचा आणि त्यात चार ओळी असतील : रक्ताची जागा, डोळा कोणता, कारण, आणि कारण निश्चित की संशयित. शेवटच्या ओळीवर मॅडमनी आग्रह धरला.

चिठ्ठीची भाषाही बदलली. आमच्या काही चिठ्ठ्यांवर 'हा रक्तस्राव मधुमेहामुळेच आहे ना?' असा मजकूर होता. असा प्रश्न उत्तर सुचवतो, आणि घाईत असलेला माणूस 'हो' म्हणून सही करतो. आता प्रश्न मोकळा ठेवला आहे : 'जेलीतील रक्तस्रावाचे कारण कृपया नमूद करावे.' त्यापुढे कोरी जागा.

अकराव्या आवृत्तीचा विषयही निघाला. जागतिक आरोग्य सभेने ती मे २०१९ मध्ये स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. तीत दृष्टीच्या विकारांचे नववे प्रकरण स्वतंत्र आहे, मधुमेही पडदाविकाराला ९बी७१.० असा कोड आहे, आणि मुख्य कोडला बाजू, कारण यांसारखे तपशील जोडून पूर्ण साखळी लिहिता येते. आम्ही हाताने घातलेला बाजूचा रकाना तिथे पद्धतीचाच भाग आहे. आमच्याकडे ती येईल तेव्हा येईल. साखळीत ओवण्यासाठी कारण आणि बाजू आज कागदावर लिहिलेली नसेल, तर उद्याही ओवायला काही नसेल.

९ जुलै २०२४, मंगळवार

नवी यादी निघाली. चारांच्या जागी एकेचाळीस नावे आहेत. सहा फाइलींची चिठ्ठी अजून डॉक्टरांकडे आहे, म्हणून ती नावे यादीत घेतलेली नाहीत. वेगळ्या पानावर ठेवली आहेत.

मॅडमनी यादी तिथल्या तिथे समुपदेशक ताईंकडे दिली आणि फोन सुरू झाले. तिसरा फोन तालुक्याच्या गावातल्या एका शेतकरी बाईंच्या मुलाला लागला. त्यांच्या डाव्या डोळ्यातले रक्त गेल्या ऑक्टोबरात शस्त्रक्रियेने काढले होते, आणि उजव्या डोळ्याला लेसर करायचे राहिले होते. त्यांच्या फाइलीवर एच४३.१ आणि ई११.९ असे दोनच कोड होते, म्हणून त्या कोणत्याच पाठपुराव्याच्या यादीत कधी आल्या नव्हत्या. मुलगा म्हणाला की, आई आता दुसऱ्या डोळ्यानेही धुके दिसते म्हणते, पण पेरणीमुळे यायचे राहून गेले. गुरुवारी सकाळी त्यांना घेऊन येतो म्हणाला.

गुरुवारच्या ओपीडीसाठी त्यांची जुनी फाइल काढून, बाजूच्या रकान्यात 'डावा : रक्तस्राव, शस्त्रक्रिया झाली, उजवा : लेसर बाकी' असे लिहून, पडदा विभागाच्या टेबलावर ठेवली आहे.